‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय बंद पडलं? बिघाड पोर्टलचा, मुदत मात्र गावकऱ्याची

भवानीनगर (ता. इंदापूर) : सणसर, लासुर्णे, जंक्शन, बेलवाडी, काझड... या पट्ट्यातल्या कुठल्याही सेवा केंद्रात गेलं की दोन शब्द हमखास कानावर पडतात, ‘सर्व्हर डाऊन’. काम लाडकी बहीणच्या ई-केवायसीचं असो, ई-पीक पाहणीचं असो, शेतकरी ओळखपत्राचं असो की साध्या उत्पन्नाच्या दाखल्याचं. माणूस अर्धा दिवस मोडून आलेला असतो, रोज बुडालेला असतो, आणि उत्तर मिळतं, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ उद्याही तेच. परवा मुदत संपलेली असते.

या दोन शब्दांवर आता कुणी भांडतही नाही. पाऊस लागला तर कुणाला बोलणार, तसं ते झालंय. पण सर्व्हर म्हणजे काही पाऊस नव्हे. कुठंतरी गारेगार खोलीत ठेवलेलं ते यंत्र आहे, त्यावर माणसांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालतात, आणि ते अडले की त्याला कारण असतं. ते कारण तारीख-वेळेसकट त्याच यंत्रात नोंदलंही जातं. सेवा केंद्राच्या खिडकीपर्यंत मात्र ते येत नाही. खिडकीवर येतात ते फक्त दोन शब्द.

कारखान्यात जमतं ते पोर्टलला का जमत नाही?

भवानीनगरला ही गोष्ट समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना गावातच आहे आणि इंदापूर-बारामती दोन्ही तालुक्यांतले ऊसवाले त्याचे सभासद आहेत. हंगामात मिल थांबली तर ‘कारखाना बंद’ एवढं सांगून कुठल्याही कारखान्यात भागत नाही. ऊस कमी पडला म्हणून थांबली, गव्हाणीत बिघाड झाला, वाफ कमी पडली की इलेक्ट्रिकचा फॉल्ट आला, हे वेगवेगळं लिहावं लागतं. किती वाजता थांबली, किती मिनिटं थांबली, कशामुळं थांबली. साखर धंद्यात वाया गेलेले तास कारणवार मांडायची जुनी रीत आहे. त्याचा फायदा साधा आहे. ‘नो केन’ असेल तर जाब शेती खात्याला, मेकॅनिकल असेल तर इंजिनिअरिंगला. चीफ इंजिनिअर ‘मिल डाऊन’ म्हणून हात झटकू शकत नाही.

सरकारी पोर्टलही तसंच चालतं, फक्त डोळ्याला दिसत नाही. फोनवर बटण दाबलं की मागणी सर्व्हरकडं जाते. तिथं एक छोटा प्रोग्रॅम चालतो, त्याला संगणकवाले स्क्रिप्ट म्हणतात. तो तुमचा आधार क्रमांक घेतो, दुसऱ्या सर्व्हरला विचारतो, माहितीच्या साठ्यात म्हणजे डेटाबेसमध्ये शोधतो, आणि उत्तराचं पान तयार करून फोनवर पाठवतो. दुसरा एक छोटा प्रोग्रॅम तुमच्याच फोनमध्ये, ब्राउझरमध्ये चालतो. तारीख निवडायची खिडकी उघडणं, जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी येणं, मोबाईल नंबर दहा आकडी आहे का बघणं, ही कामं तो करतो. म्हणजे अडायला जागा किमान चार. तुमचा फोन, मधलं नेटवर्क, सर्व्हरवरची स्क्रिप्ट, आणि स्क्रिप्ट ज्याला विचारते तो पलीकडचा सर्व्हर. चारही ठिकाणच्या दुखण्याला गावात एकच नाव आहे.

चाराचा आकडा आणि पाचाचा आकडा

पान उघडलं नाही की पुष्कळदा स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आणि तीन आकडी नंबर येतो. लोक तो वाचत नाहीत, खाली ओढून परत पान उघडतात. पण सगळ्या माहितीचं मूळ त्या नंबरातच आहे, आणि तो जगभर सारखाच असतो.

चारानं सुरू होणारा नंबर आला तर सर्व्हर म्हणतोय, मागणीतच काहीतरी चुकलंय. ४०४ म्हणजे तुम्ही मागितलेलं पान त्या जागी नाही. व्हॉट्सॲपवर फिरलेली जुनी लिंक उघडली की हे होतं. कधी चूक खात्याचीच असते, पान हलवलं आणि जुन्या पत्त्यावर पाटी लावली नाही. ४०३ म्हणजे पान आहे, पण आत सोडत नाही. ४२९ म्हणजे एकाच जागेवरून फार वेळा दार ठोठावलंय, जरा थांबा. दम न धरता वीस वेळा रिफ्रेश करणाऱ्याला हा नंबर भेटू शकतो.

पाचानं सुरू होणारा नंबर आला तर दुखणं सर्व्हरकडं आहे, तुमचा फोन आणि तुमची कागदपत्रं यांचा काही दोष नाही. ५०० म्हणजे स्क्रिप्ट चालता चालता कोसळली. ५०३ म्हणजे सेवा आत्ता देता येत नाही, गर्दी तरी आहे नाहीतर दुरुस्तीसाठी काढलंय. ५०४ म्हणजे पुढच्या सर्व्हरनं मागच्याला विचारलं आणि मागच्याचं उत्तर वेळेत आलंच नाही. गाडीतळावर नंबर लागलाय, पण गव्हाण रिकामी होत नाही म्हणून ट्रॉली काट्यावरच उभी, असला तो प्रकार.

आणखी एक गंमत कधीकधी बघायला मिळते. पान उघडण्याऐवजी एखादी फाईलच डाऊनलोड होते, किंवा स्क्रीनवर कंस, डॉलरची चिन्हं आणि इंग्रजी शब्दांची खिचडी येते. फोनला व्हायरस लागला म्हणून लोक घाबरतात. बहुतेक वेळा व्हायरस वगैरे काही नसतो. सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवणारं इंजिनच बंद असतं किंवा नवीन बसवताना जोडायचं राहिलेलं असतं. मग सर्व्हर ती स्क्रिप्ट चालवायच्या ऐवजी जशीच्या तशी पाठवून देतो. खानावळीत भाकरी मागितली आणि वाढप्यानं पीठ-मिठाची चिठ्ठी हातात दिली, तसं. ही चूक दुरुस्त करायला जाणत्या माणसाला फार वेळ लागत नाही. त्याला ती कळवणारं कुणी असावं लागतं.

५०० ची कारणं तर अगदी घरगुती वाटावीत अशी असतात. सर्व्हरवर नवी आवृत्ती बसवली, पण प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेला. फाईल वाचायची किंवा चालवायची परवानगी चुकून बंद झाली. डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डिस्क भरली. ही डिस्क भरणं फार सोपं आहे, लाखो लोक आधारचे आणि पासबुकाचे फोटो चढवतात, आणि चुकांच्या नोंदीची फाईलसुद्धा फुगत जाते. डेटाबेसला एका वेळी ठरावीक जोडण्याच झेपतात, त्या संपल्या की पुढचा माणूस बाहेर. पोर्टलवरच्या कुलपाचं, म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्राचं, नूतनीकरण राहिलं तर ब्राउझर लाल अक्षरात इशारा देतो. असा इशारा आल्यावर पुढं रेटून आधार नंबर टाकू नये, साइट सरकारी असली तरी.

ही सगळी कारणं शोधायची पहिली जागा एकच असते, सर्व्हरवरची चुकांची नोंदवही. तिला लॉग म्हणतात. किती वाजता, कुठल्या फाईलीत, कितव्या ओळीवर अडलं, इतकं बारीक त्यात असतं. म्हणून ‘काय झालंय आम्हालाही कळत नाही’ हे उत्तर गावातल्या परिचालकानं दिलं तर खरं आहे, त्याला लॉग दिसत नाही. तेच उत्तर पोर्टल चालवणाऱ्यानं दिलं, तर त्यानं वही उघडली नाही असा त्याचा अर्थ होतो.

फोनचं दुखणं की सर्व्हरचं, हे ओळखायचं कसं

नंबर आलाच नाही, नुसतं पांढरं पान किंवा फिरणारं चक्र दिसत राहिलं, तर आधी आपल्या बाजूची शंका घ्यावी. दुसऱ्या कंपनीच्या नेटवर तेच पान उघडून बघावं. शेजाऱ्याच्या फोनवर उघडलं आणि आपल्या नाही, तर जुना ब्राउझर, डेटा सेव्हर किंवा फोनमध्ये साठलेलं जुनं पान हे कारण असण्याची शक्यता जास्त. इनकॉग्निटो खिडकीत उघडल्यावर पुष्कळदा काम होतं, कारण तिथं जुनं साठवण वापरलं जात नाही. भवानीनगरला जिओवर, लासुर्ण्याला एअरटेलवर आणि इंदापुरात ब्रॉडबँडवर एकाच वेळी तोच निरोप येत असेल, तर मात्र फोन बदलून, ब्राउझर बदलून, देव पाण्यात ठेवून उपयोग नाही.

ओटीपीचं प्रकरण वेगळं आहे. आधारचा ओटीपी येतो तेव्हा त्यात तीन जणांची साखळी असते. पोर्टल आधार प्राधिकरणाला सांगतं, प्राधिकरण ओटीपी काढतं, मोबाईल कंपनी तो पोचवते. कुठंही खोळंबा झाला तरी महिलेला एकच दिसतं, ओटीपी आला नाही. मग ती परत बटण दाबते. दुसरा ओटीपी निघतो, तेवढ्यात पहिला येतो, ती पहिला टाकते, पोर्टल चूक म्हणतं. उशिरा आलेल्या मेसेजमधला शेवटचा ओटीपीच चालतो, हे कुणी सांगितलेलं नसतं. आधारला जोडलेला नंबर बंद पडलाय किंवा तो नवऱ्याच्या खिशात पुण्याला गेलाय, ही तर खास गावाकडची अडचण, आणि तिला सर्व्हर जबाबदार नाही.

मुदती वाढल्या, पण कारण सांगितलं नाही

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचा निर्णय १८ सप्टेंबर २०२५ ला निघाला आणि दोन महिन्यांची मुदत देण्यात आली. लाभार्थी महिलेच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. काही दिवसांतच ओटीपीच्या तक्रारी इतक्या झाल्या, की महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना तांत्रिक अडचण असल्याचं जाहीर सांगावं लागलं. शेवटी मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबर २०२५ वर नेण्यात आली. त्यात पती किंवा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित महिलांची अडचणही होती, आणि ती सर्व्हरची नव्हतीच. ती अर्ज ज्यानं आखला त्याची होती. विधवा महिला कुणाचा ओटीपी आणणार, हा प्रश्न स्क्रिप्ट लिहिण्याच्या आधी कागदावर सुटायला हवा होता. सेवा केंद्राच्या खिडकीवर मात्र हेही ‘पोर्टल घेत नाही’ याच एका नावानं खपतं.

ही तारीख भवानीनगर भागात जास्त टोचते. २०२५-२६ चा गाळप हंगाम १ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचा निर्णय होता. म्हणजे मराठवाड्यातून आणि नगर जिल्ह्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्या नेमक्या त्याच दिवसांत कोप्या बांधून फडात उतरलेल्या. पहाटे फडात जाणारी, गाडी भरून झाल्यावर परतणारी बाई ओटीपीसाठी सेवा केंद्रात कधी बसणार? सर्व्हर रात्री अकरानंतर मोकळा असतो हे परिचालक खासगीत सांगतात, आणि खरंच अनेक जण रात्रीच अर्ज भरतात. पण कोपीवरच्या बाईला रात्री अकराला केंद्र उघडं मिळत नाही. दरमहा १,५०० रुपये ही रक्कम तिच्यासाठी लहान नाही.

याच टोळ्यांना रेशन गावाकडं न घेता इथल्या दुकानात घेता येतं, पण ती सोय सगळी ई-पॉस यंत्रावर अवलंबून. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ई-पॉसचे सर्व्हर राज्यभर अडखळले, तेव्हा दुकानापुढं रांगा आणि दुकानदाराशी भांडणं असं चित्र गावोगाव होतं. आपल्या गावचा दुकानदार कार्डधारकाला तोंडानं तरी ओळखतो. परगावच्या मजुराला ओळखणारं तिथं एक यंत्रच असतं.

ई-पीक पाहणीचंही तसंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतः ॲपवर पीक नोंदवायची पद्धत राज्यभर आली. कल्पना चांगली होती, तलाठ्याच्या अंदाजापेक्षा बांधावरचा फोटो बरा. पण फोटो शेतात उभं राहून काढायचा आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सगळं राज्य एकदम ॲपवर. पुढं २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी अनुदान द्यायची वेळ आली, तेव्हा ई-पीक पाहणीची नोंद हीच अट ठरली. ज्यांची नोंद राहिली ते बाहेर. ओरड झाल्यावर सरकारला २०२४ मध्ये अट सैल करून सातबाऱ्यावरची नोंद धरावी लागली. नोंद आळसानं राहिली की ॲप चाललं नाही म्हणून राहिली, हे वेगळं करायला कुणाकडंच काही साधन नव्हतं. एक साधन होतं, सर्व्हरचा लॉग. तो कुणी काढला नाही.

त्याही आधीचा मोठा धडा २०१७ चा. जूनमध्ये ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर झाली, अर्ज ऑनलाइनच भरायचे ठरले, मुदत वाढत वाढत २२ सप्टेंबरपर्यंत गेली. दिवाळीच्या तोंडावर १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रं वाटली, आणि नंतर कळलं की बँकांची माहिती आणि अर्जातली माहिती एकमेकांशी जुळत नाही. माहिती-तंत्रज्ञान खात्याच्या प्रधान सचिवांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा घाट घातला, निकाल महिनोन्महिने रखडले आणि कुलगुरूंना ऑक्टोबरमध्ये हटवण्यात आलं. दोन्हीकडं मोठे अधिकारी गेले. पण कुठली स्क्रिप्ट, कुठला तक्ता, कुठली चाचणी न करता सोडलेली यंत्रणा, याचा हिशेब सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत मांडला गेला नाही. माणूस बदलला, रीत तीच राहिली.

हे आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट सुरू झाली आणि पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. नुसत्या योजना बघायला आलेल्यालाही आधी खातं उघडायला लावलं होतं, सगळी गर्दी त्या एकाच दारात अडली. पुढच्या दोन महिन्यांत बाहेरची जाणती माणसं बोलावली गेली. त्यांनी सर्व्हरवर नजर ठेवणारे आकडे भिंतीवर लावले, रोज बैठक घेऊन एकेक अडचण काढली, आणि गर्दी वाढली की लोकांना थांबवून ठेवणारी रांगेची सोय केली. आपल्याकडं २८ एप्रिल २०२१ ला अठरा वर्षांवरच्यांची लसनोंदणी दुपारी चारला उघडली, तेव्हा कोविनही सुरुवातीला गडबडलं. पण अडचण आली होती आणि ती दूर केली, हे त्याच दिवशी जाहीर सांगितलं गेलं, आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून जास्त नोंदण्या झाल्या. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.

उमेदवाराला एक न्याय, अर्जदाराला दुसरा

आता एक उदाहरण, जे गावात सगळ्यांना आठवत असेल. डिसेंबर २०२० मध्ये १४ हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या. उमेदवारी अर्ज संगणकावर भरायचे होते, सर्व्हर बसला, सेवा केंद्रांपुढं रात्र-रात्र गर्दी. राज्य निवडणूक आयोगानं काय केलं? कागदावर अर्ज घ्यायची परवानगी दिली आणि शेवटच्या दिवशी, ३० डिसेंबरला, वेळ सायंकाळी साडेपाचपर्यंत वाढवली. दोन वर्षांनी, २ डिसेंबर २०२२ ला, पुन्हा तीच पाळी आली आणि पुन्हा तोच मार्ग निघाला. संगणक अडला म्हणून कुणाचा उभं राहायचा हक्क जाता कामा नये, हे आयोगानं दोन्ही वेळा मान्य केलं.

निर्णय योग्यच होता. प्रश्न एवढाच, की तोच नियम पीक पाहणीला, शिष्यवृत्तीला, ई-केवायसीला का लागत नाही? तिथं मुदत वाढते, पण ओरड झाल्यावर, बातम्या आल्यावर, आणि पुष्कळदा शेवटच्या दिवशी. तोवर ज्यांनी तीन फेऱ्या मारल्या त्यांच्या फेऱ्या गेल्या. निवडणुकीत अडलेला माणूस राजकीय वजनाचा होता, म्हणून वाट लवकर निघाली, असं कुणी म्हटलं तर त्याला खोटं पाडणं अवघड आहे.

कायद्यातही एक फट आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार ठरलेल्या सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाल्या पाहिजेत, नाहीतर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण दिवस मोजायला सुरुवात होते अर्ज दाखल झाल्यावर. अर्ज दाखल झाला याचा पुरावा म्हणजे पोर्टलनं दिलेला क्रमांक. आणि पोर्टल पाचशेचा नंबर दाखवून बसलं, तर अर्जच दाखल होत नाही, क्रमांक मिळत नाही, घड्याळ सुरू होत नाही. सर्वांत मोठा उशीर जिथं होतो, नेमका तोच उशीर कायद्याला दिसत नाही.

याच बारामतीत कृषी विज्ञान केंद्रानं उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणली, २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. कौतुक रास्त आहे. उपग्रह आणि मातीतले सेन्सर उसाला पाणी कधी द्यायचं ते सांगतात, आणि त्याच उसाचा सातबारा काढायला दिवसभर चक्र फिरत बसतं, हेही त्याच तालुक्यातलं चित्र आहे. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळखपत्र सक्तीचं झालंय. म्हणजे इथून पुढं पोर्टल अडलं तर एक दाखला अडणार नाही, त्यामागच्या सगळ्या योजना एकदम अडतील.

तोवर गावात काय करता येईल

पान अडलं की स्क्रीनशॉट काढावा, आणि तो काढताना वरचा पत्ता, निरोपाचा नंबर आणि फोनवरची वेळ दिसेल असं बघावं. नुसतं ‘साइट चालत नाही’ ही तक्रार हेल्पलाइनवर कुणीही निकालात काढतं. ‘अमुक तारखेला सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी, दुसऱ्या पानावर, ५०४’ ही तक्रार लॉगशी ताडून बघता येते. पैसे भरताना पान अडलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. आधी बँकेचा मेसेज आणि पोर्टलवरची पावती तपासावी. ‘सर्व्हर फास्ट चालणारी लिंक’ म्हणून ग्रुपवर काही आलं तर ते हमखास संशयास्पद. सरकारी पत्ता शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा संपतो. ई-केवायसीच्या काळात बनावट साइटबद्दल इशारे द्यावे लागले ते यामुळंच. सर्व्हर अडला की लोक घायकुतीला येतात आणि फसवणाऱ्याचं दुकान नेमकं तेव्हाच चालतं.

परिचालकावर राग काढण्यात अर्थ नाही. त्याच्याकडं पोर्टलची किल्ली नसते, शिव्या मात्र त्याच्याच वाट्याला येतात. त्याच्याकडून एक गोष्ट मात्र मागता येईल. सेवा केंद्रात एक साधी वही ठेवायची. तारीख, कुठलं पोर्टल, किती वाजता अडलं, स्क्रीनवर काय आलं, किती माणसं परत गेली, पुन्हा किती वाजता सुरू झालं. कारखान्यात पाळीवरचा माणूस लिहितो तशी. दिवसाला चार ओळी. ही वही ग्रामसभेपुढं ठेवता येते, ठराव करून तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांकडं पाठवता येते. दहा गावांच्या वह्यांत एकाच दिवशी अकरा ते चार असा बंद दिसला, तर त्या दिवशी मुदत संपलेल्या अर्जदाराला ‘तुम्ही उशीर केला’ असं सांगणं तहसीलला सोपं जाणार नाही. जिल्हा पातळीवर मागणी याहून लहान आहे. पोर्टल किती तास आणि कशामुळं बंद होतं याचा तक्ता दर महिन्याला त्याच पोर्टलवर लावावा, आणि शेवटच्या तीन दिवसांत जितके तास बंद तितकी मुदत न मागता वाढावी. लॉग सर्व्हरवर पडलेलेच आहेत, त्यासाठी नवं काही विकत घ्यायचं नाही.

पुढची ग्रामसभा येईल तेव्हा रस्ते, गटार, पाणी यांच्या यादीत हा विषय घ्यायला ग्रामसेवकाकडं आधी लेखी द्यावं लागेल. अर्ज कागदावर चालतो.